मुंबई कुणाची? : स्थलांतरित माणूस आणि आपले लेखन

महानगरी साहित्याची चर्चा मराठीत भरपूर झाली. पण या चर्चेत एक प्रश्न मागेच राहिला. लाखो माणसे आली तेव्हा त्यांना शहराने सामावून घेतले, की आधी आलेल्यांनी? मुंबईच्या गिरण्यांनी कामाला हात घेतले, पण त्या हातांच्या निवाऱ्याची पुरेशी सोय केली नाही. ती केली गाववाल्यांच्या खोल्यांनी, खाणावळ चालवणाऱ्या बायांनी आणि गोवेकरांच्या कुडांनी.

अण्णाभाऊ साठे वाटेगावहून आणि अमर शेख बार्शीहून याच मुंबईत आले. अण्णाभाऊंच्या ‘माझी मुंबई’ या लोकनाट्याचे दुसरे नावच ‘मुंबई कुणाची?’ असे आहे. त्यांच्यापुढे उत्तराची शंका नव्हती, राबणाऱ्याची मुंबई. पुढे जयवंत दळवींच्या ‘चक्र’ (1963) आणि मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’ (1969) या कादंबऱ्यांनी झोपडपट्टी मराठी वाचकाच्या घरात आणली. हे काम मोठेच. मात्र तिथे नजर मुख्यतः वस्तीच्या आतल्या भुकेवर आणि वासनेवर राहते. वस्ती कोणत्या धोरणामुळे उभी राहिली, हे बाजूला पडते. नारायण सुर्वे यांनी ‘शीगवाला’ या कवितेत दाऊदचाचाला त्याच्याच मिसळलेल्या बोलीत बोलू दिले. वेगवेगळ्या मुलखांतून आलेली माणसे एकमेकांना कशी सांभाळून घेतात, ते या बोलीतच ऐकू येते.

यानंतरची गोष्ट कागदाची आहे. 1976 च्या झोपडपट्टी गणनेनंतर फोटोपास आले. 1981 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावरच्या माणसांना गावी धाडण्याचा आदेश काढला. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1985 च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, तरी रीतसर नोटीस देऊन हटवण्याची मुभाही ठेवली. पुढे 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000 अशा तारखांनी माणूस पात्र की अपात्र हे ठरू लागले. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची सुमारे 41 टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत होती. एवढ्या माणसांचे नशीब एका तारखेवर टांगलेले असताना ती तारीख आपल्या कथा-कादंबऱ्यांत कितीशी आली?

मुस्लिम मराठी लेखकांनी हा प्रश्न स्वतःलाही विचारायला हवा. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली. शहरातल्या शहरात निर्वासित झाली. त्या दुःखावर आपण लिहिले, लिहायलाच हवे होते. पण आपल्याच मोहल्ल्यात जरीच्या कारखान्यात राबणारा, कामाच्या जागीच झोपणारा बिहारी कारागीर आपल्या लेखनात कुठे आहे? कोकणी किंवा दखनी मुसलमानाच्या तोंडीही त्याच्यासाठी ‘भय्या’ हाच शब्द असतो. बंगाली बोलणाऱ्याकडे तर सरसकट संशयाने पाहिले जाते. 2020 च्या टाळेबंदीत हीच माणसे पायी निघाली, तेव्हा शहराला त्यांची संख्या दिसली, नावे दिसली नाहीत.

‘आम्हाला परके का मानता?’ हा सवाल मुस्लिम मराठी साहित्याच्या मुळाशी आहे. आपल्यानंतर आलेल्याला आपणच परके मानले, तर त्या सवालातले बळ ओसरेल. दाऊदचाचाची बोली आता नव्या माणसांच्या तोंडी आहे. ती ऐकून लिहिणे हे आपल्यापुढचे काम आहे.