नामघरातली पदे

कार्तिकात काकडा ऐकत वाढलेल्या माणसाने नामस्मरणाला कंटाळू नये. तरीही आसामची बरगीते अर्थाच्या आधाराने प्रथम वाचली, तेव्हा मी वहीत 'पुनरुक्ती फार' असा शेरा मारला होता. तो आज मागे घेतो.

बरगीते म्हणजे शंकरदेव (१४४९–१५६८) आणि त्यांचे शिष्य माधवदेव यांची व्रजावली भाषेतील पदे. ब्रह्मपुत्रेतील माजुली बेटावरच्या सत्रांत, म्हणजे वैष्णव मठांत, ती आजही रोजच्या उपासनेत गातात. कमलाबारी परंपरेच्या सत्रांत ब्रह्मचारी भकत राहतात; भकत म्हणजे आपला भक्तच. सकाळ, दुपार, संध्याकाळ मिळून दिवसाला प्रार्थनेचे चौदा 'प्रसंग' होतात. लहानपणी सत्रात आलेली मुले वडीलधाऱ्या भकतांजवळ राहून, नामघरात ऐकता ऐकताच ही पदे शिकतात.

माझी चूक अशी, की कादंबरी वाचावी तशी मी पदे सलग वाचली. पदाला राग नेमलेला आणि रागाला वेळ. माधवदेवांची यशोदा बाळकृष्णाला उठवते ती पहाटे. मी तिला रात्री दिव्याखाली एका बैठकीत चारदा उठवायला लावले आणि वर तिलाच दोष दिला! जात्यापासून तोडलेली ओवीही अशीच एकसुरी वाटेल.

शंकरदेवांनी दोनशे चाळीस पदे रचली आणि त्यांची पोथी आगीत जळाली, असे चरित्रपोथ्या सांगतात. आज त्यांची पस्तीसेक पदे उरली आहेत. इंद्रायणीची कथा जाणणाऱ्या मराठी वाचकाला, ती कशी उरली असतील, हे वेगळे सांगायला नको.

२००० साली संगीत नाटक अकादमीने सत्रीया नृत्याला शास्त्रीय नृत्याचा मान दिला. सत्रांत जे केवळ पुरुषांचे होते, ते आज स्त्रियाही रंगमंचावर समर्थपणे सादर करतात. हा लाभच मानला पाहिजे. पण रंगमंचावर पद प्रेक्षकांच्या सोयीने येते, प्रहराच्या नव्हे. तिकडे ब्रह्मपुत्रा माजुलीचे काठ खात आहे. काही सत्रांना जागा सोडून जावे लागले. पदे छापून ठेवता येतील. ती रोज ठरल्या वेळी म्हणणारी माणसे मात्र छापता येत नाहीत, आणि माझ्या मते या काव्याचा अर्धा अर्थ त्यांच्यापाशी आहे.

म्हणून आता मी एका दिवशी एकच बरगीत वाचतो, आणि पहाटेचे असेल तर पहाटेच.