सर्वांत वेगवान ब्राउझर : पण मोजले काय?

कोणता ब्राउझर सर्वांत वेगवान, या प्रश्नाची उत्तरे तक्त्यांच्या रूपात आपल्यापुढे सतत येत असतात. चार-पाच नावे, प्रत्येकासमोर एक आकडा, आणि सर्वांत मोठा आकडा ठळक अक्षरांत. असा तक्ता वाचून शाळेच्या संगणक कक्षातला ब्राउझर बदलला जातो, आणि तरीही तासिकेची पहिली काही मिनिटे खिडकी उघडण्याची वाट पाहण्यातच जातात. तक्ता खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. त्यात जे मोजलेले असते त्याचा या खोळंब्याशी बहुधा संबंधच नसतो, एवढेच.

सध्या प्रमाण मानल्या जाणाऱ्या ‘स्पीडोमीटर’ या चाचणीचेच उदाहरण घेऊ. ही चाचणी एका पानावर कामांची यादी उघडते, तिच्यात नोंदी भरते, त्यांवर खुणा करते, त्या पुसते. आणि वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेल्या पानांवर हेच पुन्हा करून पाहते. तिसऱ्या आवृत्तीत आलेख आणि बातम्यांसारखी पानेही आली. पण हे सारे ब्राउझर उघडून बसल्यानंतरचे. तो उघडायला किती वेळ लागला, पान जाळ्यावरून यायला किती लागला, स्मृती किती खर्ची पडली, यांपैकी काहीही त्या गुणांकात नाही.

तरीही ही चाचणी आधीच्या चाचण्यांपेक्षा बरी आहे. पूर्वी परीक्षार्थीच प्रश्नपत्रिका काढीत. २००७ ची ‘सनस्पायडर’ सफारीमागच्या वेबकिट गटाची, २०१० ची ‘क्रॅकन’ मोझिलाची, २०१२ ची ‘ऑक्टेन’ गूगलची. २०१० मध्ये एक गमतीदार प्रकार उघड झाला. सनस्पायडरमधील एका गणिताचे उत्तर पुढे कुठेच वापरले जात नव्हते. इंटरनेट एक्सप्लोरर ९ च्या प्रायोगिक आवृत्तीने ते गणितच वगळले आणि उत्तम वेळ नोंदवला. मोझिलाच्या एका अभियंत्याने त्यात अर्थ न बदलणारी किरकोळ भर घातली, तर वेळ अनेक पटींनी वाढला! निरुपयोगी काम वगळणे ही रास्त युक्ती आहे, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले. ते खरेही आहे. पण मग त्या प्रश्नाने परीक्षा कशाची झाली? एप्रिल २०१७ मध्ये गूगलने स्वतःच ऑक्टेन निवृत्त केली. तिच्यासाठी केलेल्या सुधारणांचा प्रत्यक्ष पानांना फारसा उपयोग उरला नव्हता, काहींचा तर तोटाच होत होता. गाइडमधले प्रश्न घोकून आलेला वर्ग शिक्षकांनी पाहिलेला असतोच. मार्च २०२४ मध्ये आलेली स्पीडोमीटरची तिसरी आवृत्ती ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी एकत्र बसून तयार केली, हे म्हणूनच महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट तक्ते सहसा सांगत नाहीत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावे चार असली तरी चौघांचे इंजिन एकच, क्रोमियमचे. ऑपेराने ते २०१३ मध्ये घेतले, एजने जानेवारी २०२० मध्ये.

आता उघडण्याकडे वळू. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते. हवा तो भाग डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. डोके योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ. म्हणजे प्रत्येक वाचनाला सुमारे १२.५ मिलिसेकंद. समजा, सुरू होताना ब्राउझरला विखुरलेल्या ८०० जागा वाचाव्या लागल्या. गुणाकार करा : १० सेकंद. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. दर वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरला तर तेच काम ०.०८ सेकंदात होते. या फरकापुढे दोन ब्राउझरांमधला फरक किरकोळ ठरतो.

ब्राउझर बंद करून लगेच उघडला तर त्याच डिस्कवरही तो चटकन उघडतो, कारण वाचलेला भाग स्मृतीत शिल्लक असतो. वेळ थंड सुरुवातीची की उबदार, हे न सांगणारा तक्ता एकक न लिहिलेल्या उत्तरासारखा आहे. त्यातच एजची ‘स्टार्टअप बूस्ट’ ही सोय काही भाग पडद्यामागे आधीच चालू ठेवते. पाहुणे दारात येण्यापूर्वी आधण ठेवावे तसे. खिडकी लवकर उघडते, पण शेगडी अडते. कमी स्मृतीच्या जुन्या संगणकावर हा सौदा तपासून पाहायला हवा.

फायरफॉक्स ३.५ ची गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. ३० जून २००९ रोजी ती आवृत्ती आली आणि काही विंडोज संगणकांवर ती उघडायलाच फार वेळ लागू लागला. इतरांवर मात्र सुरळीत. कारण अनपेक्षित होते. सांकेतिक लेखनासाठी लागणाऱ्या यादृच्छिक संख्यांचे बीज मिळवण्याकरिता फायरफॉक्स तात्पुरत्या फायलींचे कप्पे वाचत होता, आणि त्यांत इंटरनेट एक्सप्लोररने साठवलेली जुनी पानेही होती. ज्यांच्याकडे ती हजारोंनी साचली होती ते थांबून राहिले. म्हणजे एक ब्राउझर मंद झाला तो दुसऱ्याच्या अडगळीमुळे! कप्पे रिकामे केले की तो चटकन उघडे. जुलैमध्येच ३.५.१ ने दोष दूर केला. तुलनेसाठी नव्याने सिद्ध केलेल्या संगणकावर असली अडगळ नसते, त्यामुळे तिथे हा दोष दिसण्याची शक्यता फार कमी.

म्हणून मोजणी आपल्याच संगणकावर करावी. तो नव्याने सुरू करून डिस्कची धावपळ थांबू द्या. ब्राउझर उघडण्याचा वेळ घ्या, पूर्ण बंद करा, पुन्हा घ्या. पहिला वेळ लांब आणि दुसरा छोटा असेल तर दोष बहुतेक डिस्कचा; ब्राउझर बदलून फार काही साधणार नाही. दोन्ही लांब असतील तर संशय एक्स्टेन्शनांवर आणि वर्षानुवर्षे फुगलेल्या प्रोफाइलवर घ्यावा. नवे रिकामे प्रोफाइल करून पाहिले की ते कळते. फायरफॉक्समध्ये ‘ट्रबलशूट मोड’ आहे. खिडकी लगेच आली पण पान येत नसेल, तर मुखपृष्ठ कोरे ठेवून पाहा. मग प्रश्न जाळ्याचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको.

मुलांकडून प्रत्येक स्थितीची पाच वाचने घेऊन मधले निवडावे. शेजारी तासिकाही लिहून ठेवावी, कारण सकाळी संगणक सुरू होताच विषाणुरोधक प्रणाली तीच डिस्क चाळायला घेते.