एकाच तराजूने : ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’

‘समानता’ हा शब्द आज इतका गुळगुळीत झाला आहे, की तो उच्चारणाऱ्याला नेमके काय अभिप्रेत आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. कोणाला त्यात शिक्षण दिसते, कोणाला नोकरी, कोणाला वारसाहक्क. काहींना तर स्त्रीने पुरुषासारखे व्हावे एवढाच त्याचा अर्थ वाटतो आणि मग ते उगाच बिचकतात. अशा वेळी, हा शब्द आपल्या भाषेत एवढा रुळण्यापूर्वी हीच मागणी कोणत्या शब्दांत केली गेली होती, हे पाहणे उपयुक्त ठरते. 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक छोटेखानी पुस्तक छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिका वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि पुस्तकाचे नाव ‘स्त्रीपुरुष तुलना’. समानता नव्हे, तुलना. माझ्या मते पुस्तकाचे मर्म या एका शब्दात आहे.

पुस्तकाला निमित्त घडले ते सुरतेच्या एका खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेने लोकलज्जेपायी आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला. 1881 साली न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणावर वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्राने तर हे निमित्त साधून साऱ्या स्त्रीजातीच्या स्वैर वर्तनावर कोरडे ओढले. ताराबाईंचे पुस्तक हे त्याला दिलेले उत्तर होय. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याला सरकारी कचेरीत कारकून होते आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलीला त्यांनी लिहावाचायला शिकवले. तरीही मराठा घराण्यातील रीतीप्रमाणे आपण घरात कोंडलेली बाई आहोत, असे ताराबाई प्रस्तावनेतच सांगतात. कोंडलेल्या बाईने वर्तमानपत्राच्या संपादकाला जाब विचारावा, ही त्या काळातील साधी गोष्ट नव्हे.

त्यांच्या युक्तिवादाची रीत पाहण्यासारखी आहे. भर्तृहरीच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध श्लोकात स्त्री ही संशयाचा भोवरा, अविनयाचे घर, साहसाचे नगर इत्यादी असल्याचे म्हटले आहे. ताराबाई हे आरोप एकेक करून हातात घेतात. ‘हे दोष स्त्रियांत नाहीतच’ अशी वकिली त्या करीत नाहीत. त्या विचारतात, हेच दोष पुरुषांत नाहीत काय? आणि मग न्यायालये, तुरुंग, बाजार, नाटके, कादंबऱ्या, पुराणे असे सारे धुंडाळून पुरुषाच्या पारड्यात टाकत जातात. नवरा मेला तर बायकोचे केशवपन करायचे आणि बायको मेली तर नवऱ्याने लगेच दुसरे लग्न करायचे, हा न्याय कुठला? त्याने दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये? वाचकाला हसू येते आणि त्या हसण्यातच तो पकडला जातो.

भाषा मात्र सोसायला कठीण. वाक्ये लांबत जातात, विषय मध्येच सुटतो, पुन्हा सापडतो, शिव्याशापही आहेत. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात उच्चारता येणार नाहीत असे शब्द आहेत. काही समीक्षक याला दोष मानतात. मला तसे वाटत नाही. समोर बसलेल्या माणसाशी भांडताना बाई जशी बोलेल, तशी ही भाषा आहे आणि मराठी निबंधाला तोवर अशा आवाजाची फारशी ओळख नव्हती. नीटनेटक्या परिच्छेदांत हा संताप मावला नसता.

त्याच 1882 साली पुण्यात पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक निघाले. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. रमाबाई स्त्रियांशी बोलतात: शिका, नीटनेटक्या राहा, आपली उन्नती आपण करा. ताराबाई पुरुषांशी बोलतात. विद्वत्तेत, व्यवस्थितपणात रमाबाई कितीतरी पुढे. संस्था उभारण्याचे सामर्थ्यही त्यांचेच. पण 1882 पुरते बोलायचे, तर अधिक खोल प्रश्न बुलढाण्याच्या बाईने विचारला आहे. स्त्रीने सुधारावे हे म्हणणे सोपे. सुधारणा सांगणाऱ्यालाच तराजूत बसवणे अवघड.

हा प्रश्न आपल्या वाचकांना अनोळखी वाटू नये. योहानकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभूसमोर उभे करतात. तिला एकटीलाच. वास्तविक लेवीय ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातील नियम दोघांनाही शिक्षा सांगतो. मग तो पुरुष कुठे गेला? पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1988 च्या ‘मुलिएरिस दिग्नितातेम’ या प्रेषितीय पत्रात या प्रसंगाचे मनन करताना नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले आहे: स्त्री आपल्या पापासह लोकांपुढे एकटी उघडी पडते आणि त्या पापामागचा पुरुष नामानिराळा राहतो. ताराबाईंनी हे शुभवर्तमान वाचले होते असा दावा मी करीत नाही. त्यांना त्याची गरजही पडली नसावी. सुरतेच्या विजयालक्ष्मीचा खटला डोळ्यांपुढे होता.

पण म्हणून ख्रिस्ती वाचकाने हे पुस्तक ‘इतरांच्या चालीरीतींवरील टीका’ समजून वाचू नये. ताराबाई लिहीत होत्या तेव्हा या देशातील ख्रिस्ती लोकांना 1869 चा घटस्फोटाचा कायदा लागू होता. त्यातील दहाव्या कलमानुसार पतीला पत्नीचा केवळ व्यभिचार सिद्ध केला की पुरे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचारासोबत क्रूरता, परित्याग असे आणखी काहीतरी सिद्ध करावे लागे. ज्या इंग्लंडकडून हा भेद आला, तेथे तो 1923 साली गेला. येथे 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने त्यावर प्रहार केला आणि संसदेने 2001 साली कायदा बदलला. ख्रिस्तसभेला घटस्फोट मान्य नाही, हे खरे. 1983 च्या धर्मविधिसंहितेने तर वैवाहिक जीवनात दोघांचे हक्क आणि कर्तव्ये समान असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. परंतु एकशे बत्तीस वर्षे दोन मापांचा कायदा आपल्याच नावाने चालू होता आणि आपल्या घरांतून त्याविषयी फारशी कुरकुर ऐकू आली नाही, हेही तितकेच खरे.

पुस्तकाची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ताराबाईंच्या तराजूत दोष तोलले जातात, मालमत्ता नाही. जमीनजुमला, घर, वारसा यांविषयी त्या जवळजवळ बोलतच नाहीत. आणि आज आमच्या भागात समानतेची खरी परीक्षा तिथेच होते. इन्सुलीचा नाका ओलांडून बांद्याच्या पुढे गेले की गोवा लागतो. तेथे 1870 पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी कायद्याने मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा दिला आणि मृत्युपत्रानेही मुलांना पूर्णपणे डावलता येणार नाही अशी तरतूद केली. पुढे गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्यानेही हे तत्त्व राखले. अलीकडे, म्हणजे आपल्याकडे, 1925 चा भारतीय वारसा कायदा ख्रिस्ती कुटुंबांना लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर तोही मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. केरळात जुन्या त्रावणकोर कायद्यामुळे ख्रिस्ती मुलींना नाममात्र वाटा मिळे. त्याविरुद्ध मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि 1986 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. आमच्या मुलींना ती पायपीट करण्याचे कारण नव्हते; कायदा आधीपासूनच त्यांच्या बाजूचा होता.

तरीही व्हायचे ते होतेच. वडील गेले, महिन्याची मिस्सा झाली, की लग्न होऊन गेलेल्या बहिणीला निरोप जातो. ती येते. तलाठ्याची, वकिलाची कामे उरकलेली असतात. हक्कसोडपत्र तयार असते. ‘माहेर तुटू नये’ म्हणून ती सही करते. बहुतेकदा हे प्रेमानेच चालते आणि भाऊ काही दुष्ट नसतो, हे मी जाणतो. वडिलांचे अखेरचे दुखणे काढायला हीच बहीण महिनामहिना येऊन राहिलेली असते, तेव्हा माहेर कोणाचे हा प्रश्न कोणी काढत नाही. अशा घरात ताराबाई जाऊन बसल्या असत्या, तर त्यांनी विचारले असते: बहिणीशी नाते तुटू नये म्हणून एखाद्या भावाने आपला वाटा सोडून दिल्याचे कोणी ऐकले आहे काय?

या पुस्तकावर त्या काळी टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुले यांनी 1885 साली ‘सत्सार’मधून ताराबाईंची पाठराखण केली, पण त्यांचे दुसरे पुस्तक आज उपलब्ध नाही. हेही जवळजवळ विस्मरणात गेले होते. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा प्रकाशात आणले, म्हणून आपल्या हाती आले. आपल्या वाचनालयांत ते असावे. तरुण मुलामुलींनी ते एकत्र बसून, मोठ्याने वाचावे. अवघड शब्दांपाशी थोडे थांबावे लागेल, आणि काही ठिकाणी वाचणाऱ्या मुलाला मान वर करणे जड जाईल.