महाभिनिष्क्रमण : रात्रीचे की दिवसाचे?

सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाचे जे चित्र जनमानसात रूढ आहे, ते रात्रीचे आहे. निद्रिस्त यशोधरा, तिच्या कुशीतील राहुल, दाराशी क्षणभर थबकलेला राजपुत्र, बाहेर छन्न आणि कंथक अश्व. भित्तिचित्रे, नाटके, प्रवचने या सर्वांत हेच दृश्य येते. त्यामुळे बुद्धांनी पत्नीला न सांगता घर सोडले, हा आक्षेप आजही घेतला जातो. या दृश्याला आधार कोणता, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

हे दृश्य प्रामुख्याने जातकट्ठकथेच्या निदानकथेत येते. ललितविस्तर आणि अश्वघोषाचे बुद्धचरित यांतही रात्रीचेच निर्गमन आहे. हे सर्व ग्रंथ तथागतांनंतर कित्येक शतकांनी आजच्या रूपात आले. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतःच आपला गृहत्याग भिक्खूंना सांगतात. तेथे रात्र नाही, अश्व नाही, सारथीही नाही. ऐन तारुण्यात, मातापित्यांची इच्छा नसताना, ते अश्रू ढाळीत असताना केस व दाढी उतरवून काषाय वस्त्रे धारण केली, एवढाच आशय आहे. येथील माता म्हणजे महाप्रजापती गोतमी असेच समजावे लागते; कारण महामायेचे निधन पूर्वीच झाले होते. महत्त्वाचे हे की, घरातील माणसे जागी आहेत आणि त्यांच्या देखत हे घडत आहे.

वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी या चार दर्शनांचीही तीच गत आहे. दीघनिकायाच्या महापदान सुत्तात ती कथा विपस्सी बुद्धांची म्हणून येते. पुढे ती गौतमांच्या चरित्रात स्थिरावली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर जरा-मरण पाहिलेच नव्हते, हे बाबासाहेबांना बुद्धीला पटणारे वाटले नाही. त्यांच्या निरूपणात रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्य संघात येतो. सिद्धार्थ त्याला विरोध करतो आणि कुटुंबावर बहिष्कार व जप्ती ओढवू नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करतो. तो मातापित्यांना सांगतो, यशोधरेशी बोलतो. राहुलाचे संगोपन करावयाचे नसते तर आपणही परिव्रज्या घेतली असती, असे ती म्हणते. छन्न आणि कंथक येथेही आहेत. परंतु भारद्वाजाच्या आश्रमाकडे ते लोकांच्या गर्दीतून, उघडपणे जातात.

अभ्यासकाने येथे एक विवेक राखला पाहिजे. रोहिणीच्या पाण्याचा कलह अट्ठकथांत येतो, पण संबोधीनंतरचा. तेथे तथागत मध्यस्थी करतात. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात शस्त्रधारणातून उपजणारे भय आणि अपुऱ्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी माणसे पाहून झालेला उद्वेग व्यक्त होतो. धर्मानंद कोसंबींनीही या सुत्ताकडे लक्ष वेधले होते. मात्र त्यात रोहिणीचे नाव नाही. म्हणून रोहिणी हे गृहत्यागाचे कारण म्हणजे ग्रंथवचन नव्हे, ते बाबासाहेबांनी केलेले अनुमान होय. असे म्हटल्याने त्यांच्या ग्रंथाला उणेपणा येत नाही. घरच्यांच्या देखत गृहत्याग, या मुख्य मुद्द्यावर त्यांचे निरूपण निदानकथेपेक्षा प्राचीन सुत्ताला अधिक जवळचे आहे.

तथापि दिवसाउजेडी घर सोडले म्हणून घरच्यांचे दुःख संपत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदन तथागतांपुढे येतात. तुम्ही गेलात तेव्हा थोडे दुःख झाले नाही, नंद गेला तेव्हाही तसेच, राहुलाच्या वेळी तर अतोनात, असे ते सांगतात आणि मातापित्यांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती करतात. तथागत ती मान्य करून तसा नियम घालून देतात. गृहत्याग करणाऱ्याने मागे राहिलेल्या पित्याचे ऐकले आणि त्याचे दुःख संघाच्या नियमात कायमचे नोंदले गेले, ही गोष्ट आपल्या प्रवचनांत क्वचितच येते.

बौद्ध परंपरेतील ‘अनगारिय’ म्हणजे जबाबदारी टाकून केलेले पलायन नव्हे. बाबासाहेबांच्या निरूपणात पुढे शाक्य-कोलियांत समेट होतो; सिद्धार्थाला परत जाण्याचा मार्ग मोकळा होतो. तो जात नाही, कारण युद्ध हे एका व्यापक संघर्षाचे केवळ अंग आहे, असे त्याला उमगते. गृहत्यागाची खरी कसोटी याच ठिकाणी लागते. रात्रीच्या चित्रात तिला जागा नाही. आपल्या विहारांत मुलांना ही कथा सांगताना निदान सुत्त, विनय आणि अट्ठकथा यांतील भेद सांगितला जावा.