बेरीज जुळली, पण रीत?

गोंदिया जिल्ह्यासाठी ४० मिलिमीटर पावसाचा अंदाज होता आणि पर्जन्यमापकातही ४० मिलिमीटर पाणी निघाले, की आम्ही हवामान-संशोधक त्या दिवसापुढे बरोबरची खूण करतो. गणिताच्या शिक्षकांना ही तपासणी पटणार नाही. उत्तर बरोबर पण पायऱ्या चुकलेल्या, अशा उत्तरपत्रिकेला ते पूर्ण गुण देत नाहीत. हवामानाच्या संगणकी प्रतिमानांना मात्र ही सवलत वर्षानुवर्षे मिळत आली आहे.

समजा, देवरीला दुपारी चारनंतर तासाभरात हा पाऊस कोसळला आणि प्रतिमानाने तोच वीस तास भुरभुरत पाडला. बेरीज एकच. परंतु कोसळलेले पाणी उतारावरून मालगुजारी तलावाकडे धावते, भुरभुरलेले बरेचसे जागीच मुरते. रोवणीसाठी पाण्याची वाट पाहणाऱ्या धान उत्पादकाला हे दोन पाऊस एक नव्हेत. थोडा थोडा पाऊस फार वेळा पाडण्याची ही खोड जगभरच्या प्रतिमानांत आढळली आहे. २००६ साली सोडलेल्या क्लाउडसॅट उपग्रहाच्या रडारने समुद्रांवर ती स्पष्ट दाखवली.

दोष येतो कोठून? ढगातला पाण्याचा कण साधारण ०.०१ मि.मी. व्यासाचा असतो. १ मि.मी. व्यासाचा पावसाचा थेंब व्हायला असे १० लाख कण एकत्र यावे लागतात. (घनफळाचे हे गणित वर्गात जरूर करून पाहावे.) प्रतिमान मात्र वातावरणाचे चौकोन पाडते. चौकोनाची बाजू १२ किलोमीटर धरली, तर सुमारे ५,२०० चौरस किलोमीटरचा गोंदिया जिल्हा जेमतेम ३६ चौकोनांत संपतो. एक-दोन किलोमीटरचा ढग त्यात दिसणारच नाही. त्याचा परिणाम ठोकताळ्यानेच धरावा लागतो. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये चौकोन ६ किलोमीटरचा आहे, म्हणजे जिल्ह्यात सुमारे १४५ चौकोन. प्रगती मोठी आहे, पण ठोकताळे सुटलेले नाहीत. चौकोन लहान केला म्हणजे ढग आपोआप सुधारतो, हा समज आम्हांला मान्य नाही.

ठोकताळे सुधारायचे तर ढगात शिरून मोजले पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून ‘कायपीक्स’ मोहिमेत विमानाने हे केले. ढगात कणांची संख्या जितकी जास्त, तितका तो अधिक उंच वाढल्यावरच पाऊस सुरू होतो, असे त्यातून दिसले. २०१२ पासून महाबळेश्वरलाही मेघ-प्रयोगशाळा आहे. पण घाटावरच्या ढगाचा नियम बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर भिजणाऱ्या झाडीपट्टीला लावायचा कसा? म्हणूनच मध्य प्रदेशात सिलखेडा येथे, मध्य भारताच्या मोसमी पट्ट्यात उभारलेले निरीक्षण केंद्र आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

निरीक्षणांनाही मर्यादा असतात. नागपूरच्या रडारपासून गोंदिया सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे. अर्धा अंश वर रोखलेला किरण, पृथ्वीची वक्रता धरता, येथे पोहोचेपर्यंत जवळजवळ दोन किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. उपग्रह वरून पाहतो, त्याला ढगाचा माथा दिसतो, बूड नाही. त्यामुळे प्रतिमानातला ढग आणि उपग्रहाचे चित्र सरळ शेजारी ठेवणे अन्यायाचे ठरते. प्रतिमानातल्या ढगावर तोच उपग्रह असता तर त्याला काय दिसले असते, हे आधी गणिताने काढावे आणि मग तुलना करावी. ही रीत आता रूढ होत आहे, पण अंदाजांचे गुणपत्रक अजून बहुधा पावसाच्या बेरजेवरच बनते.

उष्ण प्रदेशातील जमिनीवर अनेक प्रतिमाने गडगडाटी पाऊस दुपारी बाराच्या आसपासच पाडू लागतात. प्रत्यक्षात तो बहुधा तिसऱ्या प्रहरानंतर येतो. सालेकसा किंवा आमगावच्या शाळेला हे तपासता येईल. रोज अकरा, दोन आणि पाच वाजता आकाशाचे आठ भाग कल्पून किती भाग झाकले आहेत ते लिहावे, ढग ढिगासारखा की थरासारखा तेही टिपावे, आणि पाऊस सुरू झाल्याची वेळ घड्याळ पाहून नोंदवावी.