लेखकाची साक्ष

आपल्या कादंबरीविषयी लेखकाला इतरांपेक्षा अधिक कळते, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. फिलिप रॉथ या अमेरिकन कादंबरीकाराचीही ती असावी. २०१२ साली एका ज्ञानकोशाने तिला धक्का दिला. त्या तंट्याची हकीकत वाचल्यापासून माझीही समजूत डळमळली आहे.

हा ज्ञानकोश म्हणजे २००१ साली सुरू झालेला विकिपीडिया; आपली मुले ज्यातून गृहपाठ उतरवून काढतात तोच. त्यात कोणीही लिहावे, कोणीही खोडावे. अट इतकीच की, लिहिणाराने तटस्थ राहावे, स्वतःचे मत घुसडू नये, आणि जे लिहिले त्याला प्रसिद्ध झालेला भरवशाचा आधार दाखवावा. रॉथ यांची ‘द ह्यूमन स्टेन’ ही कादंबरी २००० साली निघाली. तिच्यावरील लेखात असे होते की, तिचा नायक म्हणे अनातोल ब्रॉयर्ड या समीक्षकावरून सुचला. ब्रॉयर्ड यांनी आपले कृष्णवर्णीय मूळ जगापासून झाकले होते, कादंबरीचा नायकही तेच करतो. तेव्हा काही परीक्षणकारांना ते साम्य दिसले, यात नवल नाही.

रॉथ म्हणाले, साफ चूक! कथेचे बीज त्यांचे मित्र, प्रिन्स्टनचे प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन यांच्यावर गुदरलेल्या प्रसंगात होते. १९८५ साली, वर्गात कधीच न दिसलेल्या दोघा विद्यार्थ्यांविषयी, ‘ही माणसे आहेत की भुते?’ अशा अर्थाचे ते काही बोलले. त्यांनी वापरलेला इंग्रजी शब्द कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठीही वापरीत, आणि ते दोघे नेमके कृष्णवर्णीय निघाले. बिचाऱ्यांच्या मागे चौकशीचे शुक्लकाष्ठ लागले.

रॉथ यांनी मध्यस्थामार्फत दुरुस्ती सुचविली. उत्तर आले की, लेखक मोठा जाणकार खरा, पण आम्हांला दुय्यम साधने हवीत. पेन्शनर समोर उभा असताना त्याच्याकडे हयातीचा दाखला मागावा, तसलाच हा प्रकार! मग रॉथ यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये अनावृत पत्र प्रसिद्ध केले. झाले! ते पत्रच आधार ठरले आणि लेखात त्याची नोंद झाली. माणूस तोच, म्हणणेही तेच.

प्रथम मी या कारकुनीला खूप हसलो. मग मला माझीच एक गोष्ट आठवली. माझ्या पहिल्या कादंबरीत एक म्हातारी आहे. गावाने ठरवले की ती म्हणजे वेशीजवळची सावकारीण. मी शपथेवर सांगत राहिलो की ती माझी आत्या. कोणाला पटले नाही. दहा वर्षांनी पुस्तक पुन्हा वाचले, तर आत्याचे बोलणे होते खरे. पण पदराची गाठ चाचपीत किल्ल्या मोजण्याची सवय सावकारणीची! आत्याजवळ किल्ल्या कुठल्या? गाव अर्धे बरोबर होते. तेव्हा, ‘परीक्षणकारांना असे वाटले, लेखक तसे नाही म्हणतो,’ असे दोन्ही लिहून ठेवणे हाच न्याय दिसतो. प्रत्येक लेखामागे संपादकांच्या वादाचे चर्चापान असते, तेही मला फार आवडते. कित्येकदा लेखापेक्षा तेच वाचनीय असते! ज्ञानकोशकार केतकर स्वतः कादंबरीकार होते. त्यांच्या कोशात त्यांची मते उघड दिसत आणि भांडायचे कोणाशी हे वाचकाला ठाऊक असे. येथे भांडणारे टोपणनावाचे, पण भांडण मात्र जपून ठेवलेले.

माझे भांडण दुसरेच आहे. डॉना स्ट्रिकलंड या कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरील लेखाचा कच्चा खर्डा मे २०१८ मध्ये नाकारला गेला. दिलेल्या आधारांवरून त्यांची थोरवी सिद्ध होत नाही, हे कारण. ऑक्टोबरात त्यांना नोबेल मिळाले! ज्यांच्याबरोबर त्यांनी ते काम केले त्या जेरार मूरू यांच्यावर लेख आधीच होता. संपादकांनी पक्षपात केला असे मी म्हणत नाही. त्यांनी नियम पाळला. पण वर्तमानपत्रांनी बाईंविषयी फारसे छापलेच नव्हते, आणि दुसऱ्यांचे ते मौन तटस्थ कोशाने जसेच्या तसे उतरवून घेतले. रॉथ यांच्या हाकेसरशी ‘न्यूयॉर्कर’ची पाने उघडली, बाकीच्यांनी काय करावे?

मॅट्रिकपुरते शिकलेला मी मास्तर. यावर मोठा उपाय मला कुठला सुचणार! गेल्या वर्षी वर्गात मी मुलांना ज्ञानकोशाच्या धर्तीवर गावाविषयी लिहायला सांगितले होते. एका मुलीने खालच्या आळीतल्या विहिरीवर लिहिले. ‘आधार कुठे छापला आहे?’ असा शेरा मारून मी तो परिच्छेद तांबड्या शाईने खोडला. १९७२ च्या दुष्काळात ती विहीर आळीतल्या बायकांनी खणली, असे तिची आजी सांगते. आजी स्वतः खणणाऱ्यांत होती. हे आता मी येथे छापून देत आहे.