लिहून घेणाऱ्याचा जबाब

नायगावला बीडीडी चाळीतल्या समाजमंदिरात पोरांनी भिंतीवर चादर ताणून ‘कोर्ट’ दाखवला, त्याला आता काही वर्षं झाली. मी मागं दाराजवळ बसलो होतो. सिनेमा संपला, दिवे लागले, चर्चा सुरू झाली. एका विद्वान दोस्तानं ‘व्यवस्थेचं थंड, तटस्थ चित्रण’ असं कायतरी सांगितलं. दुसऱ्यानं इराणी सिनेमाची नावं घेतली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एका आजीनं विचारलं, “त्या बाईनं कोर्टात एवढं सांगितलं. मग त्या टायपिंगवाल्यानं काय लिवलं?”

कुणी उत्तर दिलं नाही. पोरांना वाटलं, आजीला सिनेमा कळला नाही. मी मात्र मान खाली घातली. तो टायपिंगवाला मी आहे. कोर्टातला नव्हे, सरकारी वकिलाच्या कार्यालयातला. लघुलिपी शंभर शब्द मिनिटाला, मराठी टंकलेखन तीस, इंग्रजी चाळीस, सगळी सर्टिफिकेटं आहेत. सरकारी नोकरीचे नियमही पाठ आहेत, म्हणून या लेखाखाली नाव टाकत नाही.

आधी सिनेमाबद्दल बोलू. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ २०१४चा. व्हेनिसला बक्षीस मिळालं, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, एप्रिल २०१५मध्ये थेटरात लागला. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर. त्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार या गटारात उतरणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं. कांबळे झालेत वीरा साथीदार. आपला माणूस, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१मध्ये कोरोनानं गेले. गाणी संभाजी भगतांची. कोर्टाचा सिनेमा म्हटला की हिंदीवाल्यांना टेबलावर आपटलेला हात आणि वकिलाचं दहा मिनिटांचं भाषण लागतं. इथं त्यातलं काही नाही. तारखा पडतात, पंखे फिरतात. हे खरं आहे. मी रोज बघतो.

सरकारी वकील बाई, नूतन, हे या सिनेमातलं सगळ्यात अचूक पात्र. गीतांजली कुलकर्णींनी ते असं केलंय की आमच्या कार्यालयातली कुणीही म्हणेल, ही आमच्यातलीच. १८७६चा नाट्यप्रयोगांचा कायदा ती एका दमात, कुठं न थांबता वाचते. आमच्याकडं कलमं अशीच वाचली जातात. वाचणाऱ्याला त्यात रस नसतो, ऐकणाऱ्यालाही नसतो. मग ती लोकल पकडते, पोराला घेते, घरी स्वैपाक करते. पांढरपेशी समीक्षा यावर फार खूष झाली. ‘बघा, दुष्ट कुणीच नाही, सगळी साधी माणसं!’ अरे, साधी माणसंच आहेत, हे आम्हाला कधीपासून ठाऊक आहे. खेड्यात पाणवठ्यावर उभा राहायचा तोही घरी पोराला मांडीवर घेत होता.

माझी तक्रार वेगळी आहे. कॅमेरा नूतनबरोबर कोर्टातून गाडीत जातो, गाडीतून घरी जातो, नाटकालाही जातो. फक्त तिच्या कार्यालयातल्या टेबलाशी थांबत नाही. आणि सगळा खेळ त्या टेबलावर आहे. सकाळी बोर्ड बघायचा, त्या दिवसाचे गठ्ठे काढायचे, जामीन अर्जावरचा ‘से’ टंकायचा, समन्स बजावलं का हे पैरवीच्या हवालदाराला विचारायचं, जबाबांच्या प्रती लावायच्या, त्यातले कुठले साक्षीदार तपासायचे त्याची यादी करायची. शाहिराचं गाणं कलम ३०६ झालं ते अशाच कुठल्या तरी टेबलांवर. पोलिसांचा ठरीव साक्षीदार सिनेमात उघडा पडतो, ते बरंच झालं. पण खोटा साक्षीदार ही सोपी गोष्ट आहे. खऱ्या साक्षीदाराचं खरं बोलणं कागदावर कसं मरतं, ही अवघड.

वासुदेवची बायको शर्मिला साक्ष द्यायला येते. उषा बाणे यांनी ती केलीय, अभिनय म्हणू नये इतकी. ती सांगते, तो आधी गटारात खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. एक डोळा गेला होता. वास सोसत नाही म्हणून प्यायचा. हे ऐकताना समाजमंदिरात कुणी हललं नाही. आणि न्यायाधीश आपल्या शब्दांत मजकूर सांगतो, टंकला जातो. आजीचा प्रश्न इथला होता.

दोस्तहो, आपण कविता वाचतो, आत्मकथनं वाचतो, त्यावर भांडतो. आपल्या माणसांबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं गद्य आपण वाचतच नाही. ते आहे जबाब. त्याची शैली बघा. “मी वरील पत्त्यावर माझ्या कुटुंबासह राहण्यास असून मोलमजुरी करून त्यावर माझा व कुटुंबाचा उदरनिर्वाह चालतो.” परळचा असो की परभणीचा, सफाई कामगार असो की सालगडी, वाक्य तेच. शेवटही ठरलेला. “माझा जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.” ज्याला वाचता येत नाही त्याच्याही जबाबात मी हे पाहिलंय. मधल्या भागात माणूस बोललेला असतो, पण कागदावर उमटतो तो लिहिणारा.

आणि या गद्याचा मोठा गुण म्हणजे ते सभ्य आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा शब्दांवरून नाकं मुरडणारे कमी नव्हते. असले शब्द साहित्यात कसे? तोच सोवळेपणा पोलीस ठाण्यातल्या कागदावर बसलाय. जातीवरून जे काय बोललं गेलं त्याच्या जागी एकच शिक्का: ‘जातीवाचक अर्वाच्य शिवीगाळ केली.’ कुठली शिवी? कुठल्या शब्दांत? कुणापुढं? शिक्क्यात काही नाही. आता गंमत बघा. १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम ३(१)(दहा) होतं. २६ जानेवारी २०१६पासून दुरुस्तीनंतर ते ३(१)(आर) आणि ३(१)(एस) झालं. गुन्हा कशात आहे? जाणूनबुजून अपमान करण्यात, जातीच्या नावानं शिवी देण्यात, आणि तेही लोकांच्या नजरेसमोर. म्हणजे शब्द हाच मुद्देमाल. चाकूच्या खटल्यात पंचनामा करून चाकू जप्त करतात, सील लावतात. इथं चाकू ‘बरा दिसत नाही’ म्हणून फेकून देतात, आणि मग विचारतात, हत्यार कुठं आहे?

आता माझं सांगतो. ते सांगायचं नसतं तर हा लेख लिहिला नसता.

गिरणीच्या जागेवर उठलेल्या एका टॉवरमध्ये लादी पुसणाऱ्या एका मावशींची केस आमच्याकडं होती. फिर्यादीत तोच शिक्का. आरोपीचा अटकपूर्व जामिनाचा अर्ज आला. अ‍ॅट्रॉसिटीत कलम १८नं तो अडतो, पण सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नाही असं पटवलं की मिळतो. म्हणून मावशींना बोलावलं. साहेब कोर्टात होते. मी म्हटलं, तोवर मला सांगा. त्यांनी सांगितलं. उभं राहून, हात करून सांगितलं. लिफ्टशी बादली घेऊन उभ्या होत्या. तो म्हणाला, “ए महारडे, लिफ्टला हात लावू नको, बाटवशील.” वॉचमन होता, दूधवाला होता, दुसऱ्या मजल्यावरची एक बाई होती. मी सगळं लघुलिपीत घेतलं. लघुलिपीत शिवी आणि स्तोत्र सारखंच दिसतं, हात थरथरत नाही.

‘से’ टंकताना मी ते वाक्य अवतरणात जसंच्या तसं घातलं. साहेबांनी लाल रेघ मारली. “असलं जजसाहेबांपुढं ठेवतात का? ‘जातीवाचक शिवीगाळ’ कर. फिर्यादीत तेच आहे, त्याच्याबाहेर कशाला जायचं?” साहेब वाईट माणूस नव्हे. माझ्या मुलीच्या फीसाठी त्यांनी एकदा पैसे दिलेत. मी बॅकस्पेस दाबला. एक वाक्य पुसायला किती वेळ लागतो? जामीन झाला.

पुढं खटला उभा राहिला तेव्हा फाईल घेऊन मी मागं होतो. मावशींनी पिंजऱ्यात उभं राहून तेच वाक्य खणखणीत सांगितलं. मग उलटतपासणी.

“हे शब्द तुम्ही पोलिसांना सांगितले होते?”

“सांगितले व्हते.”

“मग जबाबात का नाहीत?”

“मला काय ठाव? त्यांनी लिवलं, मी न्हाय.”

आणि नोंदीत उतरलं: “सदर शब्द पोलिसांपुढील माझ्या जबाबात का नमूद नाहीत, याचे कारण मी सांगू शकत नाही.”

हे वाक्य नीट वाचा. समीक्षा शिकायची तर इथून शिका. मावशींनी कारण सांगितलं होतं. दोन शब्दांत, चोख: त्यांनी लिवलं. कागदानं तेच कारण उलटं करून त्यांच्याच तोंडात घातलं. बोट लिहिणाऱ्याकडं होतं, ते सांगणारीकडं वळलं. वकिली भाषेत याला ‘ओमिशन’ म्हणतात. महत्त्वाची गोष्ट आधीच्या जबाबात नसेल तर ती विसंगती धरता येते, आणि पिंजऱ्यात सांगितलेलं सत्य ‘सुधारणा’ ठरतं. म्हणजे साक्षीदार मागून रचून सांगतो. संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला.

ही एका टॉवरची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २००८मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी सुनावली. २०१०मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली. पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम दोन्हीकडं टिकलं नाही. खून सिद्ध, जात सिद्ध नाही! अख्ख्या महाराष्ट्राला जे दिसलं ते कागदावर दिसेना.

आपले कार्यकर्ते म्हणतील, कोर्टकचेरी म्हंजे त्यांचीच, रस्त्यावर उतरलं पाहिजे. उतरा, मीही येतो. पण महाड नुसतं चवदार तळ्याच्या पाण्याचं नव्हतं. १२ डिसेंबर १९२७ला तिथल्या सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा ठोकला: तळं आमच्या मालकीचं, अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची वहिवाट पूर्वापार. त्या दाव्याचा निकाल हायकोर्टात लागला १७ मार्च १९३७ला. वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आलं नाही. जवळजवळ दहा वर्षं बाबासाहेबांनी तो कागद सोडला नाही. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचं कार्यालय होतं, हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो. तिथं कागदांचे केवढे गठ्ठे असतील, याचा विचार करतो का?

आपल्या लेखकांवरही माझा राग आहे. माझाही नंबर त्यात लावतो. ‘बलुतं’ १९७८चं. तेव्हापासून आपण बोलीचा आग्रह धरला, आईची भाषा छापून आणली, प्रस्थापितांना ती वाचायला लावली. आणि तीच आई पोलीस ठाण्यात गेली की तिची भाषा हवालदाराच्या हवाली करून बाहेर चहा पीत उभे राहतो. अत्याचाराच्या बातमीवर दुसऱ्या दिवशी कविता येते. फिर्यादीची प्रत कुणी मागत नाही.

ती मागता येते, फुकट मिळते. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १५४ होतं, १ जुलै २०२४पासून नव्या संहितेचं १७३. अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५च्या नियमांतला नियम ५ सांगतो की तोंडी खबर लिहून घेऊन फिर्यादीला वाचून दाखवायची, मग सही. कलम १५अ(१२) सांगतं की पीडिताला सामाजिक कार्यकर्त्याची, संस्थेची, वकिलाची मदत घ्यायचा हक्क आहे. म्हणजे तुम्ही आत बसू शकता. मग बाहेर चहा कशाला? आत बसा आणि ‘जातीवाचक शिवीगाळ’ आलं की बोट ठेवा: शब्द लिहा साहेब, तिच्या तोंडचे. कोण ऐकत होतं त्यांची नावं लिहा. लिहिणारा कंटाळेल, खेकसेल. खेकसू द्या.

‘कोर्ट’ अवश्य बघा, पुन्हा बघा. सुट्टी लागताना रिकाम्या कोर्टातले दिवे विझतात तो प्रसंग मला अजून दिसतो. फक्त या वेळी शर्मिलाकडं बघत असताना कान टंकणाऱ्याकडं ठेवा.

लघुलिपीची ती वही मी कार्यालयातून घरी आणली. निकालानंतर एकदा लालबागला मावशींच्या खोलीवर गेलो आणि त्यांचं बोलणं त्यांनाच वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. वॉचमन, दूधवाला, दुसऱ्या मजल्यावरची बाई, सगळ्याला मान हलवली. मग म्हणाल्या, “‘हात लावू नको’ न्हाय म्हणाला तो. ‘हात लावायचा न्हाय’ म्हणाला. ‘लावू नको’ तुम्ही लिवलंय.”